रांगेतले गिऱ्हाईक

समीक्षा कशासाठी, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात दरवर्षी उपस्थित होतो आणि आपण शिक्षक मंडळी त्याचे उत्तर दरवर्षी साहित्यातूनच देतो. अभिरुची घडावी म्हणून, मूल्यमापन व्हावे म्हणून, कलाकृती आणि रसिक यांच्यात दुवा साधला जावा म्हणून, अशी ती उत्तरे असतात. ती चुकीची आहेत असे नाही. परंतु समीक्षा नसेल तर नेमके काय बिघडते, हे त्यांतून कळत नाही. कारण साहित्यातला बिघाड चटकन दिसत नाही. वाईट कादंबरी भर रस्त्यात बंद पडत नाही. म्हणून गेली काही वर्षे मी या प्रश्नाचा विचार जरा आडवाटेने करत आलो आहे.

मी पिंपरी-चिंचवड परिसरात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोणी ना कोणी कारखान्यात असते, किंवा होते. फर्स्ट शिफ्ट, ओव्हरटाइम, रिजेक्शन हे शब्द त्यांच्या कानांवर वृत्त-अलंकारांच्या कितीतरी आधी पडलेले असतात. मागे एका मुलाने कवितेतल्या एका सैल कडव्याविषयी, "सर, हे इन्स्पेक्शनला पास झालं नसतं," असा शेरा मारला होता. वर्ग हसला. मला मात्र तो शेरा नेमका वाटला, आणि वस्तू घडवणाऱ्यांच्या जगात 'पास' आणि 'नापास' कोण ठरवतो, या विचाराला तेथून चालना मिळाली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, आकुर्डीला, बजाज ऑटोचा कारखाना आहे. तेथे बनलेल्या एका स्कूटरचा, तिच्या मागून आलेल्या गाड्यांचा आणि बदलत गेलेल्या इंजिनांचा इतिहास मला समीक्षेच्या प्रश्नाचे फार चांगले उदाहरण वाटतो.

इटलीतल्या पियाज्जो कंपनीने 1946 मध्ये व्हेस्पा ही स्कूटर आणली. तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याने केला होता. मोटारसायकलीवर टांग टाकून स्वार व्हावे लागते. स्कूटरवर पाय जुळवून बसता येते. इंजिन पत्र्याआड झाकलेले, त्यामुळे कपड्यांना तेल लागत नाही. धोतर नेसणारा, साडी नेसणारी, पिशवी घेऊन भाजीला निघालेला कारकून, सर्वांना चालेल असे हे वाहन होते. बजाजने 1960 च्या दशकात पियाज्जोच्या सहकार्याने ते भारतात बनवायला घेतले. 1971 मध्ये हे सहकार्य संपले आणि 1972 मध्ये त्याच घडणीची 'चेतक' आली. हळदीघाटीच्या 1576 च्या लढाईत राणा प्रतापांना पाठीवर घेऊन, जखमी पायाने ओढा ओलांडून प्राण सोडणाऱ्या घोड्याचे हे नाव. इटालियन भाषेत 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी. गांधीलमाशीचा घोडा झाला, आणि यंत्र मात्र बरेचसे तेच राहिले.

यंत्र तेच राहिले याला कारण होते. त्या काळी कोणी किती स्कूटरी बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवत असे. परवान्यापेक्षा जास्त उत्पादन केल्याबद्दल तुरुंगात जायचीही आपली तयारी होती, असे राहुल बजाज पुढे अनेकदा सांगत. मागणी उत्पादनाच्या कितीतरी पुढे पळत होती. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना निघाला, तेथून 'प्रिया' येऊ लागली, तरी रांग हटली नाही. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. ही वाट दहा-दहा वर्षांची असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना अचानक भाव येई. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई, ही अर्थशास्त्राच्या पुस्तकात उलटी वाटणारी गोष्ट त्या काळी सर्वांना सरळ वाटत होती. हुंड्याच्या बोलण्यांत स्कूटरचे नाव निघे. मुलगी लहान असतानाच स्कूटरसाठी नाव नोंदवून ठेवणाऱ्या बापांच्या गोष्टी आमच्या पिढीने ऐकल्या आहेत. त्या गोष्टी सांगताना सांगणारे हसत. पण त्यांतल्या बापाची आणि मुलीची अवस्था हसण्याजोगी नव्हती.

आता अशा रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक वस्तूविषयी काय बोलणार? गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. मला ही म्हण थोडी अन्यायाची वाटते. गरजवंताला अक्कल असते. ती वापरायला जागा नसते. स्कूटरचे इंजिन उजव्या अंगाला होते, त्यामुळे वजनाचा तोल त्या बाजूला झुके. ती धूर सोडी. थंडीच्या सकाळी किंवा बराच वेळ उभी राहिल्यावर ती एका किकमध्ये चालू होईलच असा भरवसा नसे. मग मालक तिला हँडलला धरून आडवी करी, क्षणभर तशीच ठेवी, पुन्हा उभी करून किक मारी. अख्ख्या देशाने हा विधी केला आहे. त्या वयातल्या कोणत्याही माणसाला 'स्कूटर आडवी करणे' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. विशेष हे, की याकडे कोणी दोष म्हणून पाहत नव्हते. तो गाडी वापरण्याच्या कौशल्याचा भाग होता. नवशिक्याला जमत नसे, जाणत्याला जमत असे, आणि जाणता त्याचा अभिमान बाळगी. निर्मात्याने सोडलेली उणीव वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरून काढली आणि तिला आपले ज्ञान मानले.

ही रांगेतली पहिली शांतता. तिच्या पाठोपाठ दुसरी आली, ती प्रेमाची. 1989 मध्ये 'हमारा बजाज' ही दूरदर्शनवरची जाहिरात आली. ज्यांनी ती पाहिली त्यांना ती आजही आठवते. तिच्यात स्कूटरचे गुण सांगितलेले नव्हते. वेगवेगळ्या प्रांतांतली, धर्मांतली, वयांतली माणसे आपापल्या स्कूटरीसह दिसत, आणि ही गाडी 'आपली' आहे एवढेच सांगितले जाई. ते खरेही होते. चेतक टिकाऊ होती, पत्र्याची होती, कोणत्याही गावच्या मिस्त्रीला तिचा जीव ठाऊक होता, सुटे भाग कोठेही मिळत. चौघांचे कुटुंब तिच्यावर मावत असे. पुढे उभे राहिलेले मूल वाऱ्याने डोळे मिटून घेई. या गाडीने लक्षावधी घरांना पहिल्यांदा स्वतःच्या वेळेनुसार हलण्याची मुभा दिली, हे विसरून तिच्याविषयी बोलणे कृतघ्नपणाचे होईल. पण 'आपले' म्हटले की दोष सांगणे संपते. घरच्या माणसाच्या घोरण्याबद्दल आपण तक्रार करत नाही, कूस बदलतो.

अशी रांग साहित्यालाही परकी नाही. अभ्यासक्रमाला 'नेमलेले' पुस्तक हे परवाना-पद्धतीतलेच अपत्य आहे. त्याच्या आवृत्त्या निघतात, हजारो प्रती खपतात, आणि यांतला एकही वाचक ते निवडून घेत नाही. परीक्षेत 'या कादंबरीचे वेगळेपण स्पष्ट करा' असा प्रश्न येतो आणि वेगळेपण आहे हे गृहीत धरूनच उत्तर लिहावे लागते. पुस्तकात जेथे अडखळायला होते तेथे विद्यार्थी ते आडवे करून पुन्हा उभे करतो, म्हणजे गाइड वाचतो, आणि पुढे जातो. लेखकापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत फक्त आवृत्तीचा आकडा पोहोचतो. आकडा ही दाद आहे असे त्याला वाटले, तर त्यात त्याचा तरी काय दोष?

बजाजपर्यंतही बरीच वर्षे आकडाच पोहोचत होता. या काळात इंजिनाच्या जगात जे घडत होते ते समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक होते. त्यात दट्ट्या एकदा खाली आणि एकदा वर गेला की एक चक्र पूर्ण होते, म्हणजे प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. भाग कमी, रचना सोपी, दुरुस्ती स्वस्त. परंतु जळालेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची वेळ काहीशी एकच असल्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच बाहेर निसटते. आणि वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेही जळून निळसर धूर होतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट असतो, झडपा असतात, वंगणाची व्यवस्था वेगळी असते. ते बनवायला अवघड आणि महाग, पण पेट्रोल कमी पिते आणि धूर कमी सोडते.

1980 च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांना भारतात भागीदारीची मुभा मिळाली. हिरोने होंडाशी, टीव्हीएसने सुझुकीशी, एस्कॉर्ट्सने यामाहाशी आणि बजाजने कावासाकीशी सोयरीक केली. या चौघांच्या पहिल्या मोटारसायकलींत तीन टू-स्ट्रोक होत्या. एकट्या हिरो होंडाने 1985 मध्ये आणलेली सीडी 100 फोर-स्ट्रोक होती. एकदा टाकी भरली की गाडीचा विचारसुद्धा करू नये, असा तिच्या जाहिरातीचा आशय होता. आडव्या कराव्या लागणाऱ्या स्कूटरच्या देशात ही जाहिरात म्हणजे न बोलता केलेली टीकाच होती. दुसरा इशारा तर पुण्यातूनच येत होता. कायनेटिकने होंडाच्या सहकार्याने बिनगियरची, बटण दाबून चालू होणारी स्कूटर आणली होती. तिचेही इंजिन टू-स्ट्रोकच, पण तिला किक मारावी लागत नव्हती आणि डाव्या मुठीतले गियर सांभाळावे लागत नव्हते. ती चालवणाऱ्यांत स्त्रिया ठळकपणे दिसू लागल्या. चेतकवर स्त्री बहुधा मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेली असे. ती पुढे बसू शकत नाही हा दोष गाडीचा आहे, हे कायनेटिक होंडा येईपर्यंत कोणाला दिसले नव्हते.

इशारे होते, पण रांगही अजून पुरती सरली नव्हती. 1991 मध्ये परवान्यांचे राज्य संपले. 1993 मध्ये देशातल्या काही बड्या उद्योगपतींनी परकीय कंपन्यांशी समान पातळीवर स्पर्धा करू द्यावी अशी मागणी केली. वृत्तपत्रांनी त्यांना 'बॉम्बे क्लब' म्हटले; राहुल बजाज हे त्यांतले ठळक नाव होते. त्यांच्या मागणीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ज्याचे हात परवान्याने इतकी वर्षे बांधून ठेवले त्याला एका सकाळी मोकळे करून जागतिक मल्लापुढे उभे करणे हा काही न्याय नव्हे. पण हाताची बंधने सोडवता येतात. ऐकण्याची सवय एका दिवसात लागत नाही. दरम्यान धुराचे नियम आले. 1991 चे सौम्य होते, 1996 चे कडक, 2000 चे आणखी कडक. प्रत्येक पायरीवर टू-स्ट्रोकचा श्वास कोंडत गेला. 1990 चे दशक संपता संपता मोटारसायकलींनी स्कूटरींना मागे टाकले, आणि 2001 मध्ये हिरो होंडा दुचाकी बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी ठरली.

या उताराच्या काळात बजाजने स्कूटरी आणल्याच नाहीत असे नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाची लेजंड आली. बिनगियरची सफायर आली. पुढे 2005 मध्ये वेव्ह आणि 2007 मध्ये क्रिस्टल आली. यांतली एकही चेतकच्या जागी बसली नाही. इकडे होंडाने स्वतंत्रपणे आणलेली अ‍ॅक्टिव्हा घराघरांत पोहोचत होती. या फसलेल्या गाड्यांची यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा मला त्यांत एक ओळखीची गोष्ट दिसते. एका पुस्तकावर अफाट लोकप्रिय झालेल्या लेखकाची पुढची पुस्तके अशीच असतात. तंत्र सुधारलेले असते, विषय नवे असतात, प्रकाशन समारंभही थाटात होतो; पण आपले पहिले पुस्तक लोकांना नेमके कशासाठी आवडले आणि कशाकशासाठी त्यांनी ते सोसले, हे लेखकाला कोणी सांगितलेलेच नसते. आवडणे आणि सोसणे यांची वजाबाकी त्याला ठाऊक नसते.

मग 2001 च्या नोव्हेंबरात पल्सर आली. 150 आणि 180 सीसीची, फोर-स्ट्रोक, बजाजच्याच अभियंत्यांनी घडवलेली मोटारसायकल. मायलेजच्या हिशेबात अडकलेल्या बाजाराला तिने सांगितले की मध्यमवर्गीय मुलालाही ताकद हवी असते. 2003 मध्ये तिच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आले, त्यामुळे मिश्रण अधिक नीट जळू लागले. राहुल बजाजांचे चिरंजीव राजीव बजाज, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, यांनी चाकणचा कारखाना, कमी पण नेमके पुरवठादार आणि उत्पादनाच्या जपानी पद्धती यांवर भर दिला. कंपनीने ऐकायला शिकल्याचे हे फळ होते असे मला वाटते. त्याची दुसरी बाजू मात्र आमच्या परिसराने पाहिली. नव्या कारखान्यांना माणसे कमी लागत होती. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आणि 2007 मध्ये आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन थांबले. गुणवत्तेची चर्चा करताना आपण तिची किंमत कोणी मोजली हे सहसा विचारत नाही. टीका न ऐकण्याचा काळ व्यवस्थापनाचा होता. टीका ऐकू आल्यानंतरचा भार मात्र शिफ्टच्या बसने येणाऱ्या माणसांनीही उचलला.

येथवरची कथा, टीकेवाचून बिघडलेली वस्तू टीकेने सुधारली, अशी सरळ सांगता आली असती. पण पुढे जे घडले त्याने मला थबकायला लावले. डिसेंबर 2009 मध्ये राजीव बजाजांनी स्कूटरी बनवणे पूर्ण थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीने एकाच गोष्टीत जगात अग्रेसर व्हावे आणि ती गोष्ट मोटारसायकल, हा त्यामागचा विचार. तर्क निर्दोष होता. तरी मला त्यात समीक्षकाचा एक जुना दोष दिसतो. एका लेखकाची पुस्तके फसली की समीक्षक त्या वाङ्मयप्रकाराचेच मृत्युपत्र लिहून टाकतो. लघुनिबंध संपला, ऐतिहासिक कादंबरी संपली, गझल मराठीला मानवतच नाही, अशी विधाने आपण किती वेळा वाचली आहेत! मग कोणीतरी ही विधाने न वाचताच त्या प्रकारात चांगले लिहितो. स्कूटरचेही तसेच झाले. पुढच्या दहा वर्षांत ती जोमाने परतली, आणि दशकाअखेरीस देशात विकल्या जाणाऱ्या साधारण तीन दुचाकींत एक स्कूटर होती; बजाजची मात्र एकही नव्हती.

स्वतः दिलेल्या कसोटीला स्वतः उतरणेही सोपे नसते. 'एका नावाने एकच गोष्ट सांगावी' हे राजीव बजाजांचे आवडते तत्त्व. त्याच कंपनीने 2004 मध्ये 125 सीसीची डिस्कव्हर आणली, ती चांगली चालली, आणि मग 100 सीसीची डिस्कव्हर, 150 सीसीची डिस्कव्हर अशी त्या नावाची वाटणी होत गेली. नाव अनेक गाड्यांवर आले आणि त्याचा अर्थ पातळ झाला. ही चूक होती हे राजीव बजाजांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. आपल्या निर्मितीविषयी असे उघड बोलणारे उद्योगपती, आणि लेखकही, आपल्याकडे थोडे आहेत. 2017 मध्ये बीएस-3 गाड्यांच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा बजाज बंदीच्या बाजूने उभी होती, कारण ती बीएस-4 साठी आधीच तयार झाली होती. जी कंपनी एकेकाळी धुराच्या नियमांमागे फरफटत होती, ती आता नियमांच्या पुढे उभी राहत होती. 2024 च्या जुलैत तिने पुण्यात सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल आणली, तीही याच बदलाची खूण.

आणि मग चेतक परत आली. ऑक्टोबर 2019 मध्ये ती दाखवण्यात आली, जानेवारी 2020 मध्ये पुणे आणि बंगळुरू येथे विक्रीला आली. या वेळी विजेवर चालणारी, पण अंग पत्र्याचेच. ना टू-स्ट्रोक, ना फोर-स्ट्रोक, दट्ट्याच नाही. कोरोनाच्या काळात नोंदणी थांबली. एप्रिल 2021 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मागणी इतकी झाली, की 48 तासांच्या आत बंद करावी लागली. ती बातमी वाचताना मला रांग पुन्हा दिसली आणि थोडी भीतीही वाटली. पण काळ बदललेला होता; न थांबता शेजारच्या दुकानात जाण्याची सोय गिऱ्हाइकाला होती. 2022 च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या आणि घाईने बाजारात उतरण्याची किंमत सर्वांना दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये, राहुल बजाजांच्या जन्मदिनी, आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. ते स्वतः फेब्रुवारीत निवर्तले होते. डिसेंबर 2024 मध्ये महिन्याच्या विक्रीत चेतक देशातल्या विजेवरच्या स्कूटरींत पहिली आली. 2025 मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात रोखली तेव्हा तिच्या उत्पादनाला फटका बसला. परवाना गेला तरी परावलंबन वेगळ्या दाराने आत येते, हे त्या निमित्ताने पुन्हा दिसले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत. स्कूटर लांबून येताना तिच्या आवाजावरून प्लगला काजळी धरली आहे की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे हे ते सांगत. मी त्यांना एकदा विजेच्या गाड्यांविषयी विचारले. ते म्हणाले, "सर, तिला काही झालं तर ती मला सांगत नाही. ती कंपनीला सांगते." हात पुसत ते बोलले आणि कामाला लागले, त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता.

हे वाक्य मी अनेक दिवस मनात घोळवतो आहे. आजची गाडी फोनला जोडलेली असते. ती किती धावली, कोठे थांबली, बॅटरी केव्हा तापली, हे सारे निर्मात्याला कळू शकते. म्हणजे निर्माता आता आंधळा राहिलेला नाही. उलट त्याला जरुरीपेक्षा जास्त दिसते. पण मधला माणूस गेला. चेतकच्या काळात दोष कळत होता तो वापरणाऱ्याला आणि मिस्त्रीला, आणि तो वर पोहोचत नव्हता. आता तो थेट वर पोहोचतो आणि वापरणाऱ्याला कळतोच असे नाही. आपल्या क्षेत्रातही हेच घडते आहे. कोणत्या पानावर वाचक थांबला हे पुस्तक वाचण्याचे यंत्र मोजू शकते. तो का थांबला, हे मात्र वाचकालाच सांगावे लागते. कंटाळून थांबला, की एखादे वाक्य जिव्हारी लागले म्हणून पुस्तक मिटून बसला, यांतला फरक मोजणीत येत नाही. परवाना-काळातल्या आवृत्तीच्या आकड्याइतकीच ही मोजणी मुकी राहू शकते, फक्त तिची शेपटी लांब असते.

म्हणून मला समीक्षकाची व्याख्या अशी करावीशी वाटते: ज्याला सोडून जाता येते, आणि तरीही जो थांबून काय चुकले ते सांगतो. रांगेतल्या गिऱ्हाइकाला सोडून जाता येत नव्हते. अ‍ॅक्टिव्हाकडे वळलेले गिऱ्हाईक निघून गेले, पण थांबून काही बोलले नाही. या साऱ्या कथेत थांबून बोललेला एक माणूस मला दिसतो, तो स्वतः राहुल बजाज. 2009 मध्ये मुलाने स्कूटर बंद करण्याचे ठरवले तेव्हा अध्यक्षपदावर असलेल्या या पित्याने, आपल्याला हे आवडलेले नाही, वाईट वाटते आहे, असे जाहीरपणे सांगितले आणि निर्णय मात्र मुलाकडेच राहू दिला. त्या बोलण्याचा पुढे काय परिणाम झाला हे ठरवणे माझे काम नाही. पण दहा वर्षांनी चेतक हे नाव पुन्हा गाडीवर आले तेव्हा ते पाहायला ते हयात होते. येत्या सत्रात समीक्षेचा प्रश्न वर्गात निघाला, की मुलांना मी ही गोष्ट सांगणार आहे, आणि त्यांच्यासाठी नेमलेल्या कादंबरीत त्यांनी काय काय सोसले याची यादी त्यांच्याकडून लिहून घेणार आहे.